प्रभुभोजनाच्या रांगेत शेवटची

ज्यांच्या हातात नुकतेच एक्स-रेचे मोठे तपकिरी पाकीट आले आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचले तर हरकत नाही. पण आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी जरूर वाचावे, कारण माझी निम्मी चिडचिड त्यांच्यावरच होती.

मी आज बरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मी आजारी असताना कोणाचाही अनुभव वाचायला घेतला की आधी शेवटचे पान उघडून माणूस जगला की नाही ते बघत असे. मात्र मला क्षय दोनदा झाला. पहिल्यांदा का झाला ते मला ठाऊक नाही. दुसऱ्यांदा झाला तो माझ्या चुकीने, आणि ती चूक आमच्यासारखे भाविक लोकच करू शकतात.

पाकीट

सत्तरीचे दशक संपत आले होते. मी हुबळीच्या एका मराठी शाळेत पाचवी-सहावीला शिकवत होते. आमचे गाव अळणावर. अप्पा लाकडाच्या डेपोत ओंडके चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होते, त्यांना सही येत नसे. धारवाडला सप्तापुरात एका खोलीत तिघी राहून मी बी. ए. झाले, ती मिशनच्या एका बाईंच्या मदतीने आणि अप्पांच्या पाठीच्या जोरावर. त्याचा मला कधी विसर पडलेला नाही. पदवीच्या काळ्या झग्यातला माझा फोटो अप्पांनी दारासमोरच्या भिंतीवर लावला होता. आत येणाऱ्याला आधी तो बघावा लागे, मग बसायला मिळे.

नोकरी लागल्यावर मी थोरल्या बहिणीकडे, मार्था अक्काकडे, राहू लागले. भावजी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. घर दोन खोल्यांचे आणि माणसे पाच.

खोकला सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले, खडूची धूळ. मीही तेच म्हणत राहिले. संध्याकाळी अंग तापे, त्याला मी वह्या तपासण्याचा शीण म्हणत होते. एके दिवशी वर्गात कविता म्हणताना ठसका लागला आणि रुमालावर तांबडे दिसले. मुलांच्या नजरेस पडू नये म्हणून रुमाल मुठीत धरून मी उरलेली कविता म्हटली.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीपुढे धरली आणि उजव्या बाजूच्या एका पांढुरक्या ढगावर बोट ठेवले. "अंजब्याडरी," ते कन्नडमध्ये म्हणाले. भिऊ नका. मग अठरा महिने औषध घ्यावे लागेल, सुरुवातीला वॉर्डात राहावे लागेल, असे बरेच काही सांगितले. मला फक्त अठरा ऐकू आले. मी विचारले, सहामाही परीक्षेपर्यंत शाळेत जाता येईल का? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, आधी तुमची परीक्षा होऊ द्या.

घरी आले तेव्हा अक्का भाकऱ्या करत होती. मी पाकीट शिवणयंत्रावर ठेवले आणि सांगितले. तव्यावरची भाकरी करपली. मग अक्का उठली, तिची धाकटी लीना माझ्या पायाशी पाटी घेऊन बसली होती, तिच्या दंडाला धरून तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. अक्काची त्यात काही चूक नव्हती. मी आई असते तर मीही तेच केले असते. तरी तो दंडाला धरलेला हात मला अजून दिसतो.

वॉर्ड

पहाटे पाचला तोंडात थर्मामीटर. मग झाकणाचा डबा पुढे येई, त्यात थुंकायचे. आठला सुई, आज उजवीकडे तर उद्या डावीकडे, पुढे पुढे दोन्हीकडे बसवेना. मूठभर गोळ्या, एक उकडलेले अंडे, दूध. चार ते सहा भेटणारे.

आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक दोघे-तिघे मिळून येत आणि खाटेपासून हातभर लांब बसत. कोणी म्हणे देव परीक्षा पाहतो. कोणी म्हणे, तुम्ही शिकलेल्या, देवाने तुम्हाला जरा नम्र करायचे ठरवले असेल. एका बाईंनी तर आपल्या मावशीची गोष्ट सांगितली. मावशी क्षयाने वारल्या, पण फार शांतपणे वारल्या म्हणे. आणि निघताना प्रत्येकजण म्हणे, देव समजून घेतो हो.

मला विचारावेसे वाटे, समजून घेतो म्हणजे नेमके काय करतो? अक्काही समजून घेतच होती, आणि तिने घरी माझा तांब्या वेगळ्या फळीवर ठेवला होता.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे पाद्री, दर गुरुवारी येत. माणूस अगदी संथ. उपदेशाच्या मधेच चष्मा शोधत आणि तो डोळ्यांवरच असे. ते स्टूल खाटेला लावून बसत, मला आणलेल्या केळ्यांतले एक सोलून खात, शेजारच्या खाटेवरच्या गंगव्वाला तिच्या म्हशीबद्दल विचारत, दोन वाक्यांची प्रार्थना करत आणि जात. एकदाही धीराचा शब्द नाही. मला वाटे, इतके लोक इतके बोलतात, आणि ज्याचे कामच बोलणे आहे तो केळी खातो.

गंगव्वा कलघटगीकडची, साठीची. ती रोज सकाळी आपल्या देवाला मोठ्याने फैलावर घेई. घरी म्हैस व्यायला झाली आहे आणि तू मला इथे आणून टाकलेस, तुला काही अक्कल आहे का, अशा भाषेत. एक दिवस तिने मला विचारले, तू तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?

मी सांगितले, प्रार्थना करते. देवा, तू करशील ते बरंच आहे, असं म्हणते.

"आणि तुला बरं वाटतंय का ते?"

"नाही."

"मग त्याला खोटं कशाला सांगतेस? त्याला कळत नाही होय?"

मी पदवीधर, रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना बायबल शिकवणारी. मला तिचा राग आला आणि मी कूस बदलली.

पंचांचा निर्णय

अडीच महिन्यांनी घरी सोडले. थुंकीत आता जंतू नाहीत, कोणाला धोका नाही, फक्त सुया आणि गोळ्या चुकवू नका, असे डॉक्टरांनी बजावले. मी हे घरोघर सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणीही विश्वास ठेवला नाही.

आमची मराठी मंडळी लहान. सकाळी कन्नड उपासना झाल्यावर त्याच मंदिरात, आम्ही चर्चला मंदिरच म्हणतो, दुपारी चारला आमची होई. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस. प्याला सगळ्यांना मिळून एकच. मेजापुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, पाळकसाहेब प्याला एकेकाच्या ओठांना लावत, कड पांढऱ्या फडक्याने पुसत, प्याला थोडा फिरवत आणि पुढच्याकडे जात.

मी घरी आल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी दावीदअण्णा घरी आले. ते मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांतले वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले, मंदिरात पेटी वाजवत. मी वॉर्डात असताना आपल्या कोंबड्यांची अंडी ते आठवड्यातून दोनदा स्वतः सायकलवरून आणून देत. म्हणूनच त्यांच्यावर धड रागावताही येत नसे.

"विमलताई," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "उद्या तुम्ही सगळ्यांच्या शेवटी या."

"म्हणजे माझ्यानंतर कोणी प्यायला नको."

"तसं नव्हे. लोक भितात. आपण समजून घ्यायचं."

पुन्हा समजून घेणे. मी विचारले, पाळकसाहेब काय म्हणाले? अण्णा म्हणाले, ते काही बोलले नाहीत.

मला पंचांपेक्षा जास्त राग त्या न बोलण्याचा आला. एका शब्दाने त्यांना हे थांबवता आले असते. नोव्हेंबरपासून चार महिने मी रांगेत शेवटची गेले. मान खाली घालून घोट घ्यायची, उठायची आणि मागे न बघता थेट दारापाशी जाऊन बसायची.

साक्ष

फेब्रुवारीत ज्वारी निघाल्यावर आमच्याकडे उपकारस्मरणाचा रविवार असतो. लोक कणसे, भोपळे, कोंबड्या देवाला अर्पण म्हणून आणतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, आणि लिलावाआधी ज्यांच्यावर देवाने वर्षभरात मोठी कृपा केली ते उभे राहून साक्ष देतात. ही रीत मला लहानपणापासून आवडते. अप्पांनी माझ्या बी. ए.ची साक्ष अशीच दिली होती आणि रडून वाक्य अर्धे सोडले होते.

दावीदअण्णा म्हणाले, तुम्ही बऱ्या झालात, साक्ष द्या. एकदा साक्ष झाली की शेवटी येण्याचे कारणच उरत नाही.

माझे वजन वाढले होते, खोकला नव्हता, मी पुन्हा शिकवत होते. अठरांपैकी सहा महिने झाले होते. 'बरी होते आहे' आणि 'बरी झाले' यांतले अंतर मला कळत होते. मी भाषा शिकवते. पण मला त्या रांगेच्या मधे जायचे होते.

मी उभी राहिले आणि म्हणाले, प्रभूने मला पूर्ण बरे केले आहे. लोक रडले. अप्पा अळणावरहून आले होते, ते उभेच राहिले. एका बाईंनी मला मिठी मारली. सहा महिन्यांत मला कोणी मिठी मारलेली नव्हती. त्या दिवशी घरी आल्यावर अक्काने वेगळ्या फळीवरचा माझा तांब्या उचलला, चिंचेने घासला आणि घरच्या तांब्यांत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्यांचा डबा उघडला आणि झाकण हातात धरून उभी राहिले. देवाने पूर्ण बरे केले असे ज्याने काल सर्वांसमक्ष सांगितले, त्याने आज गोळी घ्यायची कशी? लीना बघत होती. अक्का बघत होती. मी म्हटले, शाळेतून आल्यावर घेईन. आल्यावर म्हटले, उद्या. चौथ्या दिवशी डबा ट्रंकेत, पदवीच्या कागदांखाली गेला. सुई देणाऱ्या सिस्टरना सांगितले, मी गावी जाते आहे, तिथेच घेईन.

मला कोणीही गोळ्या बंद कर म्हटले नव्हते, दावीदअण्णांनीही नाही. गोळी घेणे म्हणजे देवाला खोटे पाडणे, असे मीच ठरवले होते. खरे तर खोटी पडले असते ती मी.

दुसरे पाकीट

मार्चपासून मी रांगेच्या मधे गुडघे टेकले. जूनमध्ये शाळा सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर तारीख लिहिताना ठसका आला आणि मला रुमाल काढायच्या आधीच कळले.

डॉक्टर या वेळी 'अंजब्याडरी' म्हणाले नाहीत. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरून ते माझ्यावर ओरडले. शिकलेल्या आहात, वाचता येत नाही का? जुनी औषधे आता चालतीलच असे नाही. वेगळी देतो, आणि अठरा महिने आजपासून मोजा. घरातल्या सर्वांची तपासणी करा, आणि ज्यांच्यात दाटीने बसता-उठता त्यांचीही. मी प्याल्याचे विचारले. ते म्हणाले, प्याल्याचे काय घेऊन बसलात, तुम्ही त्यांच्यात बसून खोकलात त्याचे बघा.

अक्काला सांगितले तेव्हा तिने ट्रंक उघडली, डबा काढला आणि गोळ्या ताटात ओतून हाताने चाचपल्या. मला मारले असते तर बरे झाले असते. ती म्हणाली, "तू मला तरी सांगायचंस. मी तुझा तांब्या परत नेऊन ठेवला असता का गं?" मग गोळ्या परत डब्यात भरत म्हणाली, "ठेवला असता."

लीनाचा एक्स-रे काढला आणि तीन दिवस वाट पाहिली. त्या तीन दिवसांत मी माझ्यासाठी एकदाही प्रार्थना केली नाही. फिल्म स्वच्छ निघाली.

राहिली मंडळी. पाळकसाहेबांनी परस्पर सांगून टाकले असते, मी नुसती चिठ्ठी पाठवली असती तरी चालले असते. पण साक्ष मी उभी राहून दिली होती. वॉर्डात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी आत गेले नाही. तोंडावर पदर धरून बाहेरच्या पायरीवर उभी राहिले आणि सूचना वाचून झाल्यावर दारातून बोलले. म्हणाले, फेब्रुवारीत मी जे सांगितले ते पुरे खरे नव्हते. मी बरी होत होते, बरी झाले नव्हते. त्या साक्षीनंतर मी लाजेने औषध सोडले. आजार परत आला आहे. माझ्याजवळ बसणाऱ्यांनी छातीचा फोटो काढून घ्यावा.

मग दावीदअण्णा पेटीमागून म्हणाले, "ताई, दिलेली साक्ष परत घेता येत नाही."

"परत घेत नाही, अण्णा. अर्धी राहिली होती, ती पुरी करते आहे."

मला धाप लागली आणि मी पायरीवर बसले. आत पाळकसाहेबांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. तेवढेच.

भांडण

या खेपेला वॉर्डात गंगव्वा नव्हती. सिस्टर म्हणाल्या, ती बरी होऊन गेली, म्हशीपाशी. तिच्या खाटेवर दुसरेच कोणी होते. नव्या गोळ्यांनी दिवसभर मळमळे, तोंडाला धातूची चव येई, आणि ज्या शाळेने पहिल्यांदा जागा राखली होती ती दुसऱ्यांदा राखील की नाही हे कळत नव्हते.

एका सकाळी थर्मामीटर तोंडातून निघाल्यावर मी नेहमीची प्रार्थना सुरू केली, आणि ती मला पुढे म्हणवेना. मग जे म्हणावेसे वाटत होते तेच म्हटले. मला हे मान्य नाही, म्हणाले. मी मूर्खपणा केला हे कबूल, पण पहिल्यांदा काय केले होते? अप्पांनी ओंडके वाहून शिकवले ते यासाठी का? तुझे लोक मला शेवटी उभे करतात आणि तू गप्प. त्या दिवशी सुई येईपर्यंत मी भांडत होते. दुसऱ्या दिवशीही. जवळजवळ महिनाभर.

कसलेही उत्तर आले नाही. कोणी आवाज ऐकल्याचे सांगतात, मला काहीही ऐकू आले नाही. पण महिन्याभराने एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी गोड बोलून प्रार्थना संपवल्यावर मला एकटे वाटत असे. आता भांडून थकले तरी एकटे वाटत नव्हते. आपण इतके बोललो आणि समोरचा उठून गेला नाही, असे काहीसे. प्रभूही एकदा भर दुपारी थकून विहिरीपाशी बसला होता, हे मी मुलांना कितीदा शिकवले होते. त्या वॉर्डात मला प्रथमच त्याचे पाय दुखत असतील असे वाटले.

याहून मोठे काही घडले नाही. मळमळ तशीच राहिली.

शेवटचा घोट

ऑक्टोबरअखेर थुंकी पुन्हा स्वच्छ आली आणि मला घरी सोडले. मंडळीत तपासणीला गेलेल्यांपैकी कोणाला काही निघाले नाही. तरीही दोन कुटुंबे सकाळच्या कन्नड उपासनेला जाऊ लागली होती. शाळेने जागा राखली नव्हती, ती पुढच्या वर्षी मिळाली.

पहिल्या रविवारी मी मागच्या बाकावर बसले. पंचांनी माझ्याबद्दल काहीच ठरवले नव्हते, कोणाला बोलायचे धाडस नव्हते. मी मनाशी ठरवले होते की उठायचेच नाही. रांग संपली. दावीदअण्णांनी गीताचे शेवटचे कडवे वाजवले. पाळकसाहेब कठड्याशी प्याला धरून उभेच राहिले. मेजाकडे वळले नाहीत, मला खूणही केली नाही. चष्म्यावरून नुसते बघत राहिले. अण्णांनी कडवे पुन्हा सुरू केले. ते तिसऱ्यांदा वाजू लागले तेव्हा मला उठावेच लागले.

मी घोट घेतला. पण उठायला गेले तर पायांत जोर नव्हता. कठडा धरून तशीच गुडघ्यांवर राहिले. म्हणून, केवळ म्हणून, मला ते दिसले.

पाळकसाहेब मेजाकडे वळले. आमच्याकडे पाठ करून त्यांनी प्याला उचलला आणि उरलेले सगळे पिऊन टाकले. थोडे पाणी ओतले, प्याला फिरवला, तेही प्यायले. फडक्याने कड पुसली आणि प्याला पालथा घातला. अगदी रोजच्या भांड्यासारखा.

मला वाटत होते माझ्यानंतर कोणी नसते. मंडळीलाही तेच वाटे. डोळे मिटून सगळे गात असत.

उपासनेनंतर ते दारात चपला शोधत होते. मी विचारले, "पाळकसाहेब, मागच्या वर्षीपासून? दर वेळी?"

"काय ते?"

"माझ्यानंतर तुम्ही पीत होता."

"मग कुणी प्यायचं?" ते म्हणाले. "उरलेलं ओतून द्यायचं नसतं." एक चप्पल सापडली, दुसरीसाठी ते बाकाखाली वाकले. वाकल्या वाकल्याच म्हणाले, "बाई, दुपारची गोळी घेतलीत का?"

घेतली नव्हती. गोळी पर्समध्ये होती. मंदिराच्या आवारातल्या नळाशी लोक लिमलेटच्या गोळ्या चघळत गप्पा मारत उभे होते, दावीदअण्णाही होते. मी नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतले आणि सर्वांच्या देखत ती गिळली. मोठी होती, घशात अडकली. अण्णांनी आपली पेटी खाली ठेवली आणि नळ थोडा आणखी सोडला.